दवाखान्याची बाकं

आदरणीय अध्यक्ष दौलतरावजी, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे यशवर्धनजी, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या डॉक्टर मधुवंतीताई, मंडळाचे सभासद, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले दवाखान्यातले माझे सोबती, सर्वांना शांताचा नमस्कार.

मी बडा गणपतीजवळ ब्लाउज शिवते. भाषण मला येत नाही. पेशंटांतर्फे कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आणि दौलतरावजींनी मला निवडलं. मलाच का, यावरही मी रात्रभर विचार केला. काय करू, स्वभावच संशयी! दूध उतू गेलं तरी मला वाटतं, गॅस कुणी वाढवला?

स्नेहलतागंजच्या या इमारतीत, शेजारच्या खोलीत, मंडळाने मोफत दवाखाना काढला, तेव्हाही मी म्हटलं होतं, फुकट का बरं? गोळ्या जुन्या असतील. ताईंनी दिलेल्या बीपीच्या गोळ्या मी घरी डब्यात टाकून ठेवल्या. पुढच्या वेळी ताईंनी बरोबर ओळखलं. रागावल्या नाहीत. नवं पाकीट हातात देऊन म्हणाल्या, "शांताताई, सुईत दोरा ओवता ना? मग तारीख स्वतःच वाचा." वाचली. तेव्हापासून खातेय.

आमच्यासारख्यांचं काय असतं, सरकारी कार्डाच्या यादीत नाव बसत नाही आणि विम्याचा हप्ता झेपत नाही. ताईंनी कधी कुणाला कार्ड विचारलं नाही. ताप आलाय? या, बाकावर बसा. बस, इतकंच.

आता ताई निवृत्त होतायत म्हणे. होतायत का हो? मागच्याच आठवड्यात माझ्यासमोर त्या दौलतरावजींना म्हणाल्या, "डोळ्याचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस विश्रांती हवी." आपल्या मंडळात पंखा दुरुस्त व्हायला दोन दिवाळ्या जातात. इथे मात्र आठवड्यात हार, शाल, श्रीफळ, जेवण, सगळं हजर! ताईंना वाटलं, सत्कार आहे. सत्काराला नाही म्हणू नये, हे आपल्या लोकांचं वळण. निरोप आहे हे त्यांना आज दारावरच्या फ्लेक्समुळे कळलं. मी शेजारीच उभी होते, त्यांचा चेहरा मी पाहिला.

रांगोळीसाठी मी लवकर आले होते. दवाखान्यात दोघं जण टेप लावून भिंती मोजत होते. मी विचारलं, "क्यों भिया, क्या नाप रहे हो?" तर म्हणे, "आंटीजी, यहां रिसेप्शन आएगा. यशवर्धन सर का प्राइवेट हेल्थ सेंटर खुल रहा है."

यशवर्धनजी, अभिनंदन. तुमचं सेंटर छानच होईल, काच असेल, एसी असेल. पण ज्याच्याकडे कार्ड नाही, त्याने तुमच्या रिसेप्शनला काय सांगायचं?

दौलतरावजी, असे खाली बघू नका. माझा संशय खोटा असेल. खोटा निघावा, असंच मनापासून वाटतंय मला. कारण खरा असेल, तर पुढच्या महिन्यात माझ्या गोळ्या कोण देणार, हे मला ठाऊक नाही आणि त्याची मला भीती वाटते. नरेंद्रभिया, माइक बंद करू नका, संपतच आलंय माझं.

ताई, ही शाल. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलात की पांघरा, थंडी वाजते. निरोपाची म्हणून मी ती देत नाहीये.

मंडळाने बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, स्वयंपाकघरातून वासही सुरेख येतोय, सगळ्यांचे आभार. थोरामोठ्यांसमोर शिलाई कुठे वाकडी गेली असेल, तर मोठ्या मनाने माफ करा.

हो, एक राहिलंच. तुम्ही बसलात ती बाकं दवाखान्याची आहेत. खुर्च्या कमी पडतील म्हणून आणली म्हणे. खुर्च्या तर तिकडे जिन्याखाली रचून ठेवल्यात, मी बघून आलेय. तेव्हा जेवायला जाण्याआधी सगळ्यांनी जरा उठा, बसलात ते बाक उचला आणि दवाखान्यात जिथलं तिथे ठेवून या. मागे उभे आहात त्यांनीही हात लावा.

या पहिल्या बाकाचं एक टोक मी धरते. दौलतरावजी, दुसरं तुम्ही धरा.