नापासांच्या यादीतलं पहिलं नाव

मित्रांनो, आज शुक्रवार. आठवड्याची एकच सुट्टी, तरी इथे सौदीत कतीफपासून रास तनुरापर्यंत कामाला असलेले तुम्ही सगळे या मेसमध्ये आलात. आपल्या ट्रेनिंग सेंटरचे प्रिन्सिपल सामंत सर मागच्या आठवड्यात हार्ट अटॅकने गेले. काल त्यांचं पार्थिव गावी रवाना झालं. मला भाषण येत नाही. वेल्डिंग येतं, तेही सरांनी शिकवलं म्हणून.

सर कडक होते. "चालतंय की" म्हणणाऱ्याला वर्गाबाहेर काढायचे. कोकणातून हेल्पर म्हणून आलेल्या माणसाला कारागीर करूनच सोडायचे. आणि त्यांची एक रीत होती. परीक्षेच्या दिवशी पहिला तुकडा सर स्वतः जोडायचे. जोड पक्का आहे का बघायला तो सगळ्यांसमोर वाकवायचे. तुटला नाही, तरच आमची पाळी.

माझ्या बॅचच्या परीक्षेला सरांचाच तुकडा तुटला. असं कधी झालं नव्हतं. तरी मॅनेजरने परीक्षा थांबू दिली नाही, आणि मग आमचे अकराही तुटले. हा कंत्राटदाराचा मॅनेजर. म्हणाला, नापास झालेले सगळे पुढच्या विमानाने घरी. खलास. सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर नापासांची यादी लिहिली. पहिलं नाव स्वतःचं. म्हणाले, "मग तिकिटं बारा काढा."

मॅनेजर चपापला. शेवटी तीन आठवडे मिळाले, पण सगळा कोर्स पुन्हा घ्यायचा या अटीवर. सरांची गणपतीची रजा मंजूर झाली होती. ती त्यांनी रद्द केली. सरांना धरून आम्ही बाराही जण पास झालो. त्यातले काही आज समोर बसलेत.

आता जे सांगतो, ते त्यांनाही ठाऊक नाही.

वेल्डिंगचे रॉड ओव्हनमध्ये गरम ठेवावे लागतात. इथल्या दमट हवेत बाहेर राहिले की ओल धरतात, आणि जोडाला तडा जातो. परीक्षेच्या आदल्या दुपारी मी रॉड बाहेर काढले आणि आत माझा डबा ठेवला. सुक्या बोंबलाचं कालवण. जेवलो, आणि रॉड विसरलो. सकाळी गुपचूप आत ठेवले.

फळ्याकडे जाण्याआधी सरांनी ओव्हन उघडला होता. अहो, बोंबलाचा वास कोकणी माणसाला कळणार नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दार लावलं. मॅनेजरला म्हणाले, रॉड ओले होते, सेंटर माझं, जबाबदारी माझी. नंतर मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "इब्राहिम, आजपासून ओव्हनची किल्ली तुझ्याकडे."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या किल्लीने मला माणूस केलं. आज त्याच सेंटरमध्ये मी शिकवतो, आणि ते बंद पडू देणार नाही, हा माझा शब्द. पण हे तोंडातून काढायची हिंमत सर असेपर्यंत झाली नाही. याची लाज वाटते.

हे बोलणं टेप होतंय. कॅसेट सरांच्या घरी, वहिनींकडे जाणार आहे. वहिनी, सरांनी तुम्हाला कामाचा व्याप आहे म्हणून कळवलं असेल. व्याप नव्हता. त्या वर्षी तुमच्या घरी गणपती त्यांच्याविना बसला, तो माझ्यामुळे.

ज्यांना माझा राग आला असेल, त्यांनी मागाहून खुशाल बोलावं. मी इथेच आहे. आता दोन मिनिटं सगळे उभे राहू या.

सर, चूक माझी होती.