उद्याचे पाहुणे

चिन्मयी : थांब, जितेंद्र. धुळीत आपल्या गाड्याचे सेन्सर आंधळे होतात, हे तूच मला दाखवलंस ना?

जितेंद्र : हो मॅडम, मीच.

चिन्मयी : मग आत्ता पाहुणी बनून मी विचारलं, धुळीत चालेल का, तर ‘येस मॅडम, डेफिनेटली’?

जितेंद्र : निघून गेलं तोंडातून. सेन्सर, ऑब्स्टॅकल, इमर्जन्सी स्टॉप, सारे शब्द पाठ हायेत. पण समोरच्यानं विचारलं का येसच निघते.

चिन्मयी : उद्या जर्मनीची माणसं येतायत. संत्री वाहणारा बिनड्रायव्हरचा गाडा तू बनवलास, तूच बोलावंस. पण असं येस म्हणालास, तर ते तिथल्या तिथे धूळ उडवून बघतील. आजच साहेबांना नाव कळवायचंय. नाहीतर पुण्याच्या ऑफिसातला सुमंत बोलेल.

जितेंद्र : त्याले गाडा कसा वळते तेही मालूम नाही.

शामला : पोरी, सांबारवडी घे वं अजून.

चिन्मयी : नको हो काकू, पोट भरलं.

शामला : पारशिवनीहून आणली तुमच्यासाठी. घरचा सांबार हाये, तुमची कोथिंबीर.

चिन्मयी : बरं... अर्धी द्या.

शामला : अर्धी कोणी वाढते काय? घे.

जितेंद्र : पाहा मॅडम, आईचं हे असं. आमच्या घरी पाहुण्याले नाही म्हणतच नाहीत. घरात नसलं तरी हो म्हणाचं अन् शेजारून आणाचं.

चिन्मयी : शेजारून साखर मिळते रे. सेन्सर कुठून आणशील?

शामला : काय शिकवून राहिली वं याले?

चिन्मयी : नाही म्हणायला.

शामला : मंग बस रातभर. याच्या बाबानं म्हटलं, वावर पाह्य. हा म्हणे हो. मामानं म्हटलं, इंजिनेर हो; हा म्हणे हो.

चिन्मयी : काकू, तुम्हीच व्हा पाहुण्या. काहीही विचारा. जितेंद्र, उत्तर इंग्रजीत, आणि खरं.

शामला : मी? बरं. सायेब, हा गाडा आमच्या वावरात चालन काय? पावसाळ्यात?



जितेंद्र : आई, दुसरं विचार ना.

शामला : हेच विचाराचं हाये. क्रेट उचलून उचलून तुह्या बाबाची कंबर गेली.

जितेंद्र : नो...

चिन्मयी : पुढे.

जितेंद्र : नो मॅडम. नॉट येट. इन वेट ब्लॅक सॉइल, द व्हील्स गेट स्टक. वी आर वर्किंग ऑन इट.

शामला : काय म्हणला?

चिन्मयी : नाही म्हणाला, काकू. ओल्या काळ्या मातीत चाकं फसतात. अजून जमलेलं नाही, पण काम चालू आहे.

शामला : फसतेच. आमची बैलबंडी फसते, याचा गाडा काहून नाही फसन?

जितेंद्र : राग नाही आला तुले?

शामला : काहून येईन? हो म्हटलं असतं त पावसात गाडा नेऊन आम्हीच फसलो असतो. आता त लय भरवसा वाटून राहिला तुह्यावर.

चिन्मयी : हॅलो, सर? उद्या जितेंद्रच बोलेल. हो, नक्की. सुमंतला नुसतं ऐकायला येऊ दे.

जितेंद्र : आई, दे आता मले एक वडी. जीवात जीव आला.

शामला : आधी हिले. घे वं पोरी, आत्ताच गरम केली.

चिन्मयी : नॉट येट, काकू.

शामला : म्हंजे घेशीन. ठेवली झाकून.