पाच काड्या आणि माझे हात

नाही, पण मला सांगा, हात न लावता कळणार कसं? मुळं आत, माती वर, आणि बायको म्हणते, "अहो, हात लावायचा नाही." तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी, झाकण उघडल्याशिवाय एकाचं तरी दुखणं कळलं का हो?... तर गुलाबाच्या काड्या. साध्यासुध्या नव्हेत, माझ्या सासूबाईंच्या गुलाबाच्या! सासूबाई गेल्या, घर विकलं, नवा मालक अंगणात सिमेंट ओतायला निघाला, तेव्हा बायकोनं धावत जाऊन पाच काड्या कापून आणल्या. आईचं म्हणून एवढंच उरलं. आणि दुसऱ्याच दिवशी बहिणीच्या ऑपरेशनसाठी तिला जावं लागलं, दीड महिना!

नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याचं बोलणं सावकाश, पाणी झिरपावं तसं. "काका... काडीवरच्या डोळ्याच्या खाली... जिथून फूट येते... तिरका काप. निम्मी वाळू. माती ओलसर... चिखल नाही. सडतात." पाचवी काडी बोटाएवढी जाड, ती त्यानं फेकलीच, "हे लाकूड झालंय." मी उचलली, कुंडीच्या कडेला खोचली. ओल टिकावी म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी घालायची होती ना, तिला टेकू! जाताना तोही वळून म्हणाला, "काका... हात लावायचा नाही." म्हणजे माझी कीर्ती नर्सरीपर्यंत पोचली होती.

आता ओलसर म्हणजे किती ओलसर? सकाळी पाणी घालायचो, संध्याकाळी वाटायचं, तहान लागली असेल बिचाऱ्यांना... आणि रोज दुपारी एकेक काडी हळूच उपसून, डोळ्याला भिंग लावून बघायचो. फक्त बघायचो हो! बाराव्या दिवशी पहिली बुडाशी काळी, मऊ, शिवाय कुजका वास. काळं कापलं, बुरशीवर म्हणून दालचिनीची पूड लावली, पण दुसरी गेली, तिसरी गेली, चौथीही गेली. फोनवर बायको विचारते, "आईचा गुलाब कसा आहे?" मी म्हणतो, "हात लावत नाही." खोटं कुठे? लावायला उरलं काय होतं? लाज वाटत होती मला. त्या कुंडीकडे बघवेना. पिशवीसकट मागच्या खिडकीत ढकलली; पाणी बंद, बघणं बंद.

बायको यायच्या आदल्या दिवशी कुंडी धुवायला म्हणून उचलली, आणि... थांबा, अजून अंगावर काटा येतो. टेकूला फूट! तांबडी, तांदळाच्या दाण्याएवढी. आणि तळाच्या भोकातून डोकावणारं एक पांढरं मूळ. कुंडी दोन विटांवर ठेवली, फरशीवर उताणा झालो, भिंग लावलं. केसासारख्या स्प्रिंगा आयुष्यभर हाताळल्या मी, पण या मुळाची लव त्याहून बारीक! ना चावी, ना सेल, ना कुणी कारागीर. अंधारात, आपलं आपण, खाली कुठे जायचं ते बरोबर ठाऊक. मी काही देवभोळा नाही, पण पडल्या पडल्या हात जोडले गेले.

बायको आली. कुंडीशी वाकून फूट बघितली. मग डोळे पुसून म्हणाली, "जगवलात हो तुम्ही. हात नाही ना लावलात?"

"हिला? छे. हिला नाही."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक झालं माझं, आणि तेही मी काही न केल्याचं... घेतलं ठेवून.