स्वतःहून लागणारा ब्रेक

वडील : गोल गोल बोलू नकोस, मिस्त्री. ब्रेक लागला होता की नव्हता?

मिस्त्री : उस्ताद, आधी बसा तरी. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय.

वडील : तीन आठवडे बसूनच आहे मी. माझी पोर गेली, तिची गाडी तुझ्या शेडमध्ये आली, आणि तू माझा फोन उचलत नाहीस. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं नोंदलेलं असतं, हे तूच म्हणाला होतास ना?

मिस्त्री : असतं.

वडील : मग वाच.

मिस्त्री : वाचून काय होणार? पोर काही परत येणार नाही. कंपनीची चूक म्हणा आणि सोडून द्या.

वडील : तिची आई तेच म्हणतेय. कंपनीवर केस करायची म्हणते. पुढे काही आडवं आलं की गाडी आपोआप थांबते, म्हणून तर पोरीनं हीच गाडी घेतली. नवीनच शिकली होती. म्हणायची, बाबा, मी चुकले तरी ही सांभाळून घेईल. आणि भर दुपारी उभ्या ट्रकवर आदळली! पुढचं बघणारा तुझा तो कॅमेरा काय झोपला होता?

मिस्त्री : कॅमेरा ठणठणीत आहे. मी स्वतः तपासला.

वडील : मग?

मिस्त्री : ती ब्रेकची सोयच बंद होती, उस्ताद. बटण दाबून बंद केलेली. अपघाताच्या आदल्या रविवारपासून.

वडील : रविवारी गाडी माझ्याकडे होती.

मिस्त्री : माहीत आहे. म्हणूनच फोन उचलत नव्हतो.

वडील : टूं टूं करत होती रे सारखी! पुढच्या गाडीच्या जरा जवळ गेलो की टूं टूं. एकदा तर मी पाय हलवायच्या आत गाडीनंच कचकन ब्रेक मारला. चाळीस वर्षं बस चालवली मी, गाडीला साधा ओरखडा नाही, आणि ही कालची गाडी मला शिकवणार? डोकंच फिरलं. दाबलं बटण. वाटलं, गाडी बंद करून चालू केली की येईल परत.

मिस्त्री : काही गाड्यांत येतं. हिच्यात नाही. आपण चालू करेपर्यंत बंदच.

वडील : आणि ती बिचारी शेवटपर्यंत समजत राहिली, की थांबेल.

मिस्त्री : असं नका म्हणू. ट्रक वळणावरच उभा होता. ब्रेक लागला असता तरी धडक बसलीच असती कदाचित.

वडील : कदाचित?

मिस्त्री : वेग कमी झाला असता.

वडील : म्हणजे वाचली असती.

मिस्त्री : ते मला नका विचारू. पाया पडतो तुमच्या.

वडील : मीच मारलं रे तिला. दुसऱ्या कुणी नाही, मी.

मिस्त्री : हळू, उस्ताद. वहिनी येतायत.

(आई शेडच्या दारातून आत येते. गाडीकडे पाहत नाही.)

आई : किती वेळ लावलात! मिळाला का कागद? वकिलांना द्यायचाय.

मिस्त्री : वहिनी, कॉम्प्युटर पार जळालाय. त्यातून काहीच निघत नाही.

वडील : खोटं बोलतोय तो, माझ्यासाठी. अगं, कंपनीची काही चूक नाही. ब्रेकची ती सोय बंद होती. रविवारी मी बंद केली, आवाजाला वैतागून. आणि तिला सांगायचं राहिलं.

आई : म्हणजे तो पिवळा दिवा त्याचा होता?

वडील : कसला दिवा?

आई : समोरच्या काट्यांपाशी. सोमवारी बाजारात जाताना तिनंच दाखवला मला. म्हणाली, आई, हा आधी नव्हता, बाबांनी काहीतरी बंद केलेलं दिसतंय. परत चालू करू का?

वडील : मग?

आई : मी म्हटलं, राहू दे. बाबांनी केलंय, म्हणजे काहीतरी विचार करूनच केलं असेल.