आकड्याआधीची आडवी रेघ

समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या कंपनीच्या संचालिका महोदया. व्यासपीठावर विराजमान असलेले ग्राहकसेवेचे विभागप्रमुख साहेब. त्यांच्या शेजारी बसून भाषणांची मिनिटं मोजणारे आपले मुख्य हिशेबनीस. आजच्या उत्सवमूर्ती, आपल्या सर्वांच्या बाई. आणि कानांवरचे हेडफोनचे वळ अजून गेलेले नाहीत अशा माझ्या सहकाऱ्यांनो,

मी दुसऱ्या मजल्यावर बसते. विजेच्या बिलावर आकड्यांच्या आजूबाजूला जे शब्द असतात, ते लिहिणं हे माझं काम. म्हणजे ग्राहक चिडतो तो माझ्यामुळे आणि फोन करतो तो बाईंना. गेली अकरा वर्षं मी आग लावते आहे आणि बाई ती विझवताहेत. अशा माणसाला निरोपाच्या भाषणाला उभं करणं कितपत शहाणपणाचं आहे, ते संयोजकांनाच ठाऊक.

बाईंना आपण सगळे मागून ‘वाचाबाई’ म्हणतो. बाई, हे तुम्हाला माहीत नसेल. माहीत आहे? बरं, आहे म्हणताहेत.

नव्यानं आलेल्यांसाठी सांगते. फोन कुणाचाही असो, बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं. ‘बिल हातात आहे ना? मग वाचा मला.’ समोरचा वैतागतो. ‘अहो, तुमच्या पुढ्यात स्क्रीनवर आहे की सगळं!’ त्यावर बाई शांतपणे म्हणतात, ‘आहे ना. पण तुम्ही काय वाचताय, ते माझ्या स्क्रीनवर दिसत नाही.’

एक फोन सहा मिनिटांत संपवावा, असा नियम आहे. साहेब, मान हलवू नका, तो तुम्हीच केलाय. बाई माणसाकडून बिल वाचून घेणार, अडखळला तर थांबणार, पुन्हा वाचायला लावणार. सहा मिनिटं तर चष्मा शोधण्यात जातात.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात अशीच एक गोष्ट घडली, आणि ती मी कार्यालयात आज पहिल्यांदाच सांगते आहे. बाईंनाही.

त्या दिवशी दुपारी बाई जिना चढून माझ्या टेबलाशी आल्या. एरवी खालचे लोक वर येत नाहीत, तक्रारीची चिठ्ठी पाठवतात. बाईंच्या हातात एका बिलाची प्रत होती आणि ग्राहकाच्या नावावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता.

‘अगं, हे तू लिहिलंस का?’

‘कुठलं?’

‘हे. शिल्लक, आडवी रेघ, आकडा.’

मी म्हटलं, ‘मीच. का हो?’

‘मग ऐक,’ म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

एका वयस्क गृहस्थांचा फोन आला होता. वापर कितीही असो, त्यांच्या बँक खात्यातून दर महिन्याला बिलापोटी एक ठरावीक रक्कम आपोआप कापली जायची, तिला आपण हप्ता म्हणतो. ते म्हणाले, ‘माझा हप्ता वाढवून द्या. आधी दोनदा वाढवून घेतला, पण बाकी फिटतच नाही, वाढतेच आहे.’ आधीच्या दोन्ही वेळी आपल्याच कुणीतरी, दोन-दोन मिनिटांत, नियमाच्या पुष्कळ आत राहून, तो वाढवून दिला होता. तिसऱ्या वेळी फोन बाईंना लागला.

‘वाचा मला.’

‘शिल्लक, मग एक आडवी रेघ, मग आकडा.’

‘आडवी रेघ म्हणजे काय वाटतं तुम्हाला?’

‘अहो, त्यात न कळायला काय झालं? शाळेत शिकलोय. उणे. म्हणजे मी कमी पडतोय.’

आता इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की गोष्ट नेमकी उलटी होती. त्यांच्या पत्नी वारल्या होत्या. घरात एकच माणूस उरलं होतं, वीज निम्मी लागत होती, आणि हप्ता मात्र दोघांच्या हिशेबाचा कापला जात होता. जास्तीचे पैसे आपल्याकडे साठत होते. कंपनी त्यांचं देणं लागत होती, आणि कंपनीचं देणं आमच्या वहीत उणे लिहितात. त्या गृहस्थांना वाटलं, आपण देणं लागतो. म्हणून त्यांनी वीज कमी केली. तसं उणे वाढलं. म्हणून हप्ता वाढवला. उणे आणखी वाढलं! इतक्या प्रामाणिकपणे कुणी आजवर स्वतःलाच गोत्यात आणलं नसेल.

बाईंनी विचारलं, ‘घरात काय काय चालू असतं तुमच्याकडे?’

‘एक दिवा. हीटर बंदच केलाय. स्वयंपाकघरात बसतो दोन स्वेटर घालून. जावईबापूंना उपाशी ठेवलंय म्हणा ना.’

बाई दचकल्या. ‘जावई राहतात का तुमच्याजवळ?’

‘छे हो! मीटरला म्हणतो मी. दिवसभर नुसते फिरणार, काम काही नाही, आणि खाण्याचा खर्च आपल्या माथी.’

हे सांगताना बाई हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता थांबले.

कारण मीटरला जावईबापू म्हणणारं घर या जगात एकच आहे. मी त्याच घरात वाढले. मीटरला ते नाव माझ्या लग्नाच्या पंधरा वर्षं आधी मिळालं होतं, हे खाली बसलेल्या माझ्या यजमानांनी कृपया लक्षात घ्यावं.

बाई पुढे बोलतच होत्या. ‘गृहस्थ म्हणाले, मुलगी तुमच्याच कंपनीत आहे. तिला कळू देऊ नका. तिला वाटेल, बापाला बिल भरणं झेपत नाही. मी शब्द दिलाय, म्हणून नाव सांगत नाही तुला.’

मी दर रविवारी बाबांकडे जात होते. दार उघडलं की खोलीत एक वास यायचा, जळक्या धुळीचा. आठवडाभर बंद असलेला हीटर नुकताच लावला की जो येतो, तो. मी यायच्या अर्धा तास आधी ते हीटर लावत होते. तो वास मी सबंध हिवाळा घेतला आणि एकदाही विचारलं नाही. बिलाच्या मागच्या बाजूला ‘हीटरची निगा कशी राखावी’ हा परिच्छेद मीच लिहिलाय.

‘मला एवढंच सांग,’ बाई म्हणाल्या, ‘हे उणे तू कुणाच्या बाजूनं लिहिलंस?’

आपल्याकडे वक्ते भाषणाच्या शेवटी अधिक-उण्याची क्षमा मागतात. बिलात उणे छापून क्षमा मागायचं मात्र आजवर कुणाला सुचलं नव्हतं. मी ती रेघ कंपनीच्या खुर्चीत बसून ओढली होती, आणि ती वाचायची होती स्वयंपाकघरात, दोन स्वेटर घालून.

त्याच दिवशी बाईंनी बाबांचा हप्ता निम्म्यावर आणला आणि साठलेली सगळी रक्कम त्यांच्या खात्यात परत पाठवली. तो फोन सत्तेचाळीस मिनिटं चालला होता. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. बाईंचा खुलासा एका ओळीचा होता : ‘ग्राहक सावकाश वाचतात.’ साहेब, तो कागद तुम्ही अजून जपून ठेवलाय, हे मला तुमच्या शिपायानं सांगितलंय.

मग आम्ही दोघींनी बिल बदलायला घेतलं. आज त्या रेघेच्या जागी जे वाक्य आहे ते माझ्या नावावर खपतं, पण ते बाईंचं आहे. ‘हे पैसे तुमचे आहेत. परत हवे असल्यास कळवा.’ आपले हिशेबनीस तेव्हा हादरले होते. ‘अहो, असं लिहिलं तर लोक मागतील!’ बाई म्हणाल्या, ‘मागू देत की. त्यांचेच आहेत.’

त्या रविवारी मी बाबांकडे गेले. घर उबदार होतं आणि जळका वास नव्हता. बाबा म्हणाले, ‘थंडी जरा कमी झालीय, नाही?’ खिडकीच्या काचांवर बाहेरून हिम धरलं होतं. मी म्हटलं, ‘हो, बरीच कमी आहे.’ तीन वर्षं आम्ही बापलेक एवढंच बोललो.

बाई, तुम्ही शब्द मोडला नाहीत. नाव शेवटपर्यंत तुमच्या अंगठ्याखालीच होतं. मला कळलं ते जावईबापूंमुळे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही स्वतःला दोष दिला असता, म्हणून गप्प राहिले.

या भाषणासाठी गेल्या आठवड्यात बाबांची परवानगी मागायला गेले. सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

‘म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं?’

‘हो.’

‘आणि बोलली नाहीस?’

‘तुम्ही कुठे बोललात, बाबा?’

‘शहाणी आहेस,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘सांग खुशाल. पण आकडा सांगू नकोस. लोक म्हणतील, इतके पैसे कळेपर्यंत म्हातारा झोपला होता का!’

आणि आज सकाळी त्यांचा फोन आला. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून जे कधी ऐकलं नव्हतं, ते म्हणाले. ‘पाण्याचं बिल आलंय. मला काही कळत नाहीये त्यातलं. येतेस का जरा?’

बाई, तुम्ही एका अनोळखी माणसाला सत्तेचाळीस मिनिटं दिलीत. त्यातून माझे वडील मला मिळाले. याचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे, हे शब्दांवरच पोट भरणाऱ्या मला सुचत नाही. तुमची निवृत्ती सुखाची जावो, एवढंच म्हणते.

अध्यक्ष महोदयांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. कार्यालयाच्या गोष्टीत घरचं फार मिसळलं गेलं, व्यासपीठावरच्या ज्येष्ठांची थट्टाही झाली, ते पोटात घाला. आणि चहाला मी थांबत नाही, त्याचाही राग मानू नका. बाबा बिल घेऊन बसले असतील.