मास्तर, तुमचा आवाज बंद आहे!

…आणि वर साहेब मला म्हणतात कसे, "मास्तर, तुम्हाला काय करायचंय? फक्त बोलायचंय!" फक्त बोलायचंय? अहो, नुसतं बोलून भागत असतं तर मी पुढारी नसतो का झालो? प्रथमोपचार शिकवतो मी! कारखान्यात कुणी चक्कर येऊन पडलं, कुणाला विजेचा झटका बसला, कुणाच्या घशात घास अडकला, तर डॉक्टर येईपर्यंत शेजारच्या माणसानं काय करायचं, ते शिकवतो. हे काय बोलून शिकवतात? हात धरून शिकवतात! "अरे तिथं नाही, पोट आहे ते! छातीच्या मधोमध, हां, तळहात ठेव, कोपर सरळ, आता दाब!" आणि दाबणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. कळलं असेल तर चेहरा मोकळा होतो, आणि कळलं नसेल तर माणूस जास्तच जोरात मान हलवतो. इतकी वर्षं धंदा काय माझा? चेहरे बघायचा!

आणि एका संध्याकाळी फर्मान आलं. साथ पसरलीये, कारखाना बंद, सगळे आपापल्या घरी… आणि प्रशिक्षण मात्र चालू! मी म्हटलं, साहेब, मग माझं बोलणं रेकॉर्ड करून पाठवतो. तर म्हणाले, "छे छे, रेकॉर्डिंग नको, लोक बघत नाहीत. समोरासमोर झालं पाहिजे." समोरासमोर! मी माझ्या घरी, ते त्यांच्या घरी, आणि समोरासमोर! तुम्हाला काही कळलं? मलाही नाही कळलं. पण मी जोरात मान हलवली.

आता पहिला प्रश्न, डमी. छाती दाबायला तो रबरी माणूस लागतो ना, तो राहिला कारखान्यात, कपाटात कुलूपबंद. त्याला बिचाऱ्याला साथीची काही भीतीच नाही, आणि नेमका तोच सगळ्यांत सुरक्षित! मग डमी कोण? बायको म्हणाली, "दादा आहे की." दादा म्हणजे तिचा भाऊ, माझा मेहुणा. दोन दिवसांसाठी म्हणून आला होता, सगळं बंद झालं आणि आमच्याकडेच अडकला. अंगानं असा भरलेला की आमच्या सोफ्यावर तो बसला की सोफाच त्याच्या मांडीवर बसल्यासारखा दिसतो. त्याला विचारलं, काम एवढंच, जमिनीवर पडून राहायचं, काही म्हणजे काही करायचं नाही. तो म्हणाला, "दाजी, माझ्या मनासारखं काम मला पहिल्यांदाच कुणीतरी दिलं."

झालं. दिवाणखान्यातलं टेबल सरकवलं, त्यावर इस्त्रीचा पाट, पाटावर स्टूल, स्टुलावर लॅपटॉप. खाली चटईवर मेहुणा. लॅपटॉप हलवायला बायको. ती म्हणाली, "एकदा तुम्ही दिसाल, एकदा दादा दिसेल, दोघं एकदम मावत नाहीत." मी शर्टाची बटणं लावली, भांग पाडला, बटण दाबलं आणि पडद्यावर उघडलं काय? चेहरे? कसले चेहरे! काळे चौकोन! नुसते काळे चौकोन आणि प्रत्येकावर एकेक पांढरं अक्षर, जशी काय दुकानातली विकून संपलेली खोकी! मी म्हटलं, नमस्कार मंडळी! शांतता. मी म्हटलं, आहे का कुणी? तर एका चौकोनातून कुत्रं भुंकलं. मला बरं वाटलं हो, निदान कुणीतरी ओ दिली!

पण तुम्हाला सांगतो, मी बघायचं कुणाकडे? बायको म्हणते, वर बघा, तो बारीक ठिपका आहे ना, तो कॅमेरा, त्याच्याकडे बघून बोला. ठिपक्याकडे बघितलं की माणसं दिसत नाहीत. माणसांकडे बघितलं की माणसांना वाटतं, मास्तर खाली जमिनीवर काहीतरी शोधताहेत. आणि कोपऱ्यात मी स्वतःच दिसतोय मला! अहो, इतकी वर्षं शिकवताना मी कसा दिसतो हे देवानं माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, ते उगाच नव्हे!

शेवटी माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "हे बघा, मी भिंतीला शिकवत नाही! सगळ्यांनी कॅमेरे लावा! लावल्याशिवाय मी पुढं जाणार नाही!" आणि हाताची घडी घालून बसलो. मग एकेक खिडकी उघडायला लागली. हिशेबखात्यातल्या बाई आल्या, मागं त्यांच्या सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या. एक जण आला तो नुसताच कपाळापासून वर. एकाचं छतच दिसत होतं, पंखा फिरतोय, माणूस बेपत्ता. आणि सगळ्यांत शेवटी आले वरचे साहेब.

वरचे साहेब म्हणजे साहेब नव्हे हो, आमचा क्रेनवाला. दिवसभर उंचावर केबिनमध्ये बसून असतो, सगळ्यांच्या डोक्यावरून माल फिरवतो, म्हणून सगळे त्याला वरचे साहेब म्हणतात. तो स्वयंपाकघरात एकटाच, समोर ताटलीत चिरलेलं सफरचंद. बायको-मुलं माहेरी गेलेली, तिकडंच अडकलेली. कसनुसा हसला, म्हणाला, "मास्तर, अवतार जरा चालवून घ्या." दाढी वाढलेली. मी म्हटलं, अरे दाढीला कोण बघतंय, कान दे म्हणजे झालं.

छाती दाबायचा भाग झाला. कसा झाला ते विचारू नका. मी दाबतोय, बायको लॅपटॉप वाकडा करतेय, आणि मेहुणा? घोरायला लागला! हिशेबवाल्या बाई काळजीनं विचारतात, "मास्तर, पेशंटचा श्वास चालू आहे की काय?" मी म्हटलं, बाई, तेवढं सोडून द्या.

मग आला घास अडकण्याचा भाग. मी नेहमी सांगतो तसं सांगितलं, "नीट ऐका. जो खोकतोय, बोलतोय, त्याला खोकू द्या, त्याची हवा चालू आहे. पण ज्याचा घास पुरता अडकतो, त्याचा आवाज येत नाही. आवाज नाही, हे लक्षण!" मग म्हटलं, घरातल्या एकानं अडकल्याचं नाटक करा, दुसऱ्यानं पाठीत खांद्यांच्या मधोमध थापट्या द्या. एकटे असाल तर दोन्ही भूमिका तुमच्याच. चला, करा सुरू! आणि तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. अशी झाली की आगगाडी दिवाणखान्यातून गेली! बायको म्हणाली, "अहो, तुमचा आवाज बंद करा!" नेहमीचंच वाक्य, मी निमूटपणे बंद केला. माइकचा म्हणतोय मी. आणि विसरलो.

आता बघा हं. तिकडं सगळ्यांनी आपापले आवाज आधीच बंद केलेले, कुणाची पोरं, कुणाचं कुत्रं. इकडं माझा बंद. पडद्यावर एवढी माणसं गळा धरून तोंड वासताहेत, आणि आवाज? कुणाचाच नाही! सासूबाई सुनेच्या पाठीत थापट्या घालताहेत, इतक्या मनापासून, की मला वाटलं यांच्या घरात हा सराव फार दिवस बाकी होता. पंख्याखालच्या माणसाचे फक्त पाय दिसले. मी आपला फिरतोय चौकोना-चौकोनातून, "छान! शाब्बास! वा बाई!" आणि मग नजर गेली वरच्या साहेबांवर. दोन्ही हात गळ्याला. तोंड उघडं. मी म्हटलं, "वा, वरचे साहेब! बघा रे सगळे, याला म्हणतात अभिनय!"

आणि मग…

अहो, मला कळेचना. आवाज नाही हे लक्षण, हे मीच आत्ता घसा फोडून सांगितलं होतं. पण आवाज तर कुणाचाच नव्हता! सगळेच गळा धरलेले, सगळेच तोंड वासलेले. कोण खरा, कोण खोटा? मी बघायचं कुणाकडे? मग लक्षात आलं. बाकीचे सगळे पडद्याकडे बघत होते, स्वतःला बघत होते, आपण कसे दिसतोय ते. हसत होते. आणि हा एकटा सरळ त्या ठिपक्याकडे बघत होता. म्हणजे माझ्याकडे. टक लावून. डोळ्यांत पाणी भरलेलं आणि ओठांचा रंग… निळा! नाटकात कुणाचे ओठ निळे पडतात?

मी ओरडलो, "अरे, खुर्ची! खुर्चीची पाठ घे! तिच्यावर पोट आपट!" तो नुसता बघतोय. मी आणखी ओरडलो. मेहुणा जागा झाला, खालून म्हणतो, "दाजी, मला ऐकू येतंय, एवढं ओरडू नका!" मी म्हटलं, तुला कोण सांगतंय! बायको लॅपटॉप धरून उभी, मी शिरा ताणून बोंबलतोय आणि त्या माणसापर्यंत एक अक्षर पोचत नाही. आणि मला कळत नाही का पोचत नाही. मला वाटलं, त्याला ऐकू येईनासं झालं, संपलं सगळं.

मग बोलायचं सोडलं. समोरची जेवणाची खुर्ची ओढली, पाठ पुढं घेतली, मूठ बेंबीच्या वर धरून दाखवली, आणि दिलं अंग झोकून. धाड्! पोट खुर्चीवर, पाय हवेत. उठलो, ठिपक्याकडे बघितलं, परत धाड्! आणि पडद्यावर काय? हिशेबवाल्या बाईंनी खुर्ची ओढली, धाड्! सासूबाई, धाड्! कपाळवाला चौकोनातून गायबच झाला! सगळ्यांना वाटलं, पुढचा पाठ सुरू झाला! सगळा वर्ग खुर्च्यांवर आपटतोय, मन लावून, हसत-खिदळत, आणि माझं लक्ष त्या एका खिडकीत. त्यानं खुर्ची ओढली. एकदा आपटला. काही नाही. परत. काही नाही. गुडघे वाकायला लागले होते त्याचे. मी परत झोकून दिलं, माझ्या कमरेतून असा आवाज आला की विचारू नका, आणि तिकडं तो तिसऱ्यांदा पडला. आणि त्याची खिडकी एकदम पांढरी झाली.

मला वाटलं, त्याचा फोन बंद पडला. मला वाटलं… काय वाटलं ते सोडा. मग तो पांढरा डाग हळूच खाली सरकला. सफरचंदाची फोड! थेट कॅमेऱ्यावर येऊन बसली होती. आणि तिच्या मागं हा, ओट्याला टेकून, श्वास घेतोय. मोठ्ठे मोठ्ठे. घशावर हात फिरवतोय आणि रडतोय. मीही खुर्चीवर तसाच पालथा, मीही रडतोय, मेहुणा चटईवर उठून बसलाय, त्याला काही कळत नाही म्हणून तोही रडतोय.

तेवढ्यात बायकोनं खाली बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुमचा आवाज बंद आहे!"

आणि नेमके त्याच घटकेला साहेब पडद्यावर हजर! पाहणी करायला! त्यांनी बघितलं काय? सगळा वर्ग खुर्च्यांवर पालथा, मास्तर पालथे, मास्तरांची बायको डोळे पुसतेय, आणि चटईवर एक अनोळखी गृहस्थ हुंदके देताहेत. साहेब म्हणाले, "मास्तर… हे अभ्यासक्रमात आहे?"

मी सांगितलं. वरच्या साहेबांनीही सांगितलं, घोगऱ्या आवाजात. मी त्याला तिथल्या तिथं दम दिला, आधी डॉक्टरला दाखव, पोटावर आपटलायस, आत काही दुखावलं नाही ना बघू दे. गेला. दाखवून आला. मग संध्याकाळी फोन केला त्यानं. म्हणाला, "मास्तर, नुसतं नाटक कसलं करायचं म्हणून फोड तोंडात ठेवली हो." मी म्हटलं, गाढवा! तो म्हणाला, "घरात कुणीच नव्हतं, मास्तर. आणि मी कॅमेरा लावणार नव्हतो. दाढी वाढली होती म्हणून लाज वाटत होती. तुम्ही रागावलात, म्हणून लावला." आता तुम्ही सांगा, यावर मी बोलायचं काय, आणि बघायचं कुणाकडे? समोर भिंत होती, भिंतीकडे बघितलं.

बरं, वर्गातल्या लोकांना मत विचारलं होतं. सगळ्यांनी लिहिलं, मास्तरांचा आवाज आला नाही, पण समजलं सगळं.

साहेब तर इतके खूश, इतके खूश, की कंबर शेकत पडलो होतो तिथं फोन. "मास्तर, काय जिवंत वर्ग घेतलात! असंच हवं! पुढच्या आठवड्यात आग विझवायचं शिकवा. आणि तेही असंच खरंखुरं हवं. घरातल्या घरात एखादी छोटीशी आग लावता येईल का?"

आता काय बोलायचं माणसानं? पण फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "साहेबांना सांगा, लावायची काळजी नको, ह्यांनी तोंड उघडलं की लागते! विझवायला तेवढा माणूस पाठवा!"

मी काय करणार? म्हटलं, हो साहेब… आगीची सोय आहे.