जहाज फुटल्यावर प्रल्हादराव

बसा, बसा. आबा, तुमी पण खुर्चीवर बसा. एवढी माणसं आलात, लई बरं वाटलं. मला बोलता येईल का न्हाय, ठावं न्हाय. मधीच रडू आलं तर जरा थांबा, आवरते. पर आमच्या ह्यांच्याबद्दल बोलायचं म्हणजे आधी हसूच येतंय, त्याला मी काय करू?

लग्न झालं तवा प्रल्हादराव मालवाहू जहाजावर फिटर व्हते. वरकुट्यासारख्या कोरड्या गावचा माणूस, पवायला येत न्हाय, आन् नोकरी समुद्रात! एकदा वादळात जहाज खडकावर आपटून फुटलं. सगळी तराफ्यावर उतरली. दुसऱ्या जहाजानं उचललं म्हणून वाचली. हे घरी आले ते कुणाच्या तरी ढगळ पॅन्टीत.

गावानं पेढे वाटले. पर माझा माणूस बोलंना. दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायचा. लोणी देवकरला कारखान्यात काम मिळत व्हतं, गेले न्हाईत. मी समजावलं, भांडले, रडले. जहाज तिकडं फुटलं, आन् संसार हितं फुटायला लागला. शेवटी पिशवी भरली आन् सुप्याला माहेरी गेले. परत यायचं न्हाय म्हणून गेले, बायांनो!

थोड्या दिवसांनी हे दारात. वडील म्हणाले, "या पाव्हणं, बसा." हे बसंनात. मला म्हणाले, "शकू, तराफ्यावर अंधारात आमी एकमेकांना नावानं हाका मारत व्हतो. ओ आली की कळायचं, माणूस हाय. घरी आल्यापासनं मी तुला एकदा बी हाक मारली न्हाय."

मी म्हणलं, "मग मारा की!"

आन् काय सांगू! अंगणात उभं राहून असे वरडले, "शकूऽऽ!" कोंबड्या उडाल्या, गल्ली गोळा झाली. आई म्हणली, "जा बाई, न्हायतर परत वरडतील."

आले मी. हे कारखान्यात लागले, ते रिटायर होईस्तोवर. पोरी शिकल्या, घर उभं राहिलं. भांडणं? झाली की, चिक्कार! पर मुकं हे परत कधी झाले न्हाईत.

गेल्या हिवाळ्यात म्हणाले, "चल, तुला समुद्र दाखवतो." मी भ्याले. हात धरून नेलं, घोट्याएवढ्या पाण्यात. लाट आली, माझी नवी साडी भिजली, हे खदाखदा हसले. मग समुद्राकडं बघून म्हणाले, "वळख करून देतो. ही माझी बायको."

चला, उभं राहू या. लई बोलका माणूस व्हता. त्याच्यासाठी आपण दोन मिनिटं गप राहू.

जय भीम.